दुरुस्ती गल्लीचे ठिपके

४ तारीख, सोमवार

धाकटे, आधी सगळ्यांची खुशाली विचारते. तुझा गुडघा काय म्हणतोय? जिना उतरताना कटकट वाजायचा, तो गप्प बसला का? मेहुण्यांचा खोकला गेला, की अजून घर डोक्यावर घेतात? थोरल्याची पाठ धरली होती ती सुटली का? नातीचे दात आले असतील, आता तुझी बोटं सांभाळ. आणि शेजारच्या म्हातारबुवांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का, की अजून तुलाच पेपर वाचून दाखवावा लागतो?

तू म्हणशील, ही कुठली पत्राची तऱ्हा. पत्र नव्हेच हे, माझी दैनंदिनी आहे. फोनवर तू बोलतेस आणि मी हुं हुं करते. म्हणून ठरवलं, तू समोर बसली आहेस असं धरून चालायचं आणि मनातलं कागदावर ओतायचं. पाठवायचं की नाही, ते पुढचं पुढे.

सुरुवातीलाच भांडणाचा दिवस उजाडला. आज आमच्या गल्लीत पोलीस सभा घ्यायला आले. आमची गल्ली तुला माहीत आहे, एकूणएक दुरुस्तीवाले. चांभार, घड्याळजी, किल्लीवाला, छत्र्या नीट करणारा, आणि मधोमध आमचं कपडे अल्टर करायचं दुकान. मुलगा गेल्यापासून ते सूनबाईच चालवते, मी आपली काज-बटणं करते. ठाण्याच्या साहेबांनी घड्याळजीच्या भिंतीवर पडद्यासारखी चादर लावली आणि तिच्यावर शहराचा नकाशा पाडला. सगळं शहर गोरंगोमटं, आणि आमची गल्ली नाकावर फोड यावा तशी लालभडक!

साहेब म्हणाले, "या भागात सर्वात जास्त गुन्हे इथे होतात. त्यामुळे संध्याकाळ झाली की गल्लीच्या तोंडाला बॅरिकेड लावायचा विचार आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी होईल. पुढच्या महिन्याच्या मध्यावर नवा नकाशा निघेल, तोही असाच आला तर लगेच."

धाकटे, आमचा धंदा म्हणजे संध्याकाळ. लोक कामावरून सुटतात आणि घरी जाता जाता कपडे घेऊन जातात. दमलेली बाई पॅन्टची चेन बदलून घ्यायला पोलिसाला पिशवी उघडून दाखवणार आहे होय? ती दुसऱ्या गल्लीत जाईल. संध्याकाळ गेली तर दुकान गेलं. सूनबाईचा चेहरा पांढरा पडला.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, या गल्लीत चोरी होते, नाही कशाला म्हणू? पण इथे बटण हरवलं तरी आम्ही कळवतो! छत्रीवाल्याची एक छत्री गेली तर मी त्याला कान धरून तक्रार द्यायला ठाण्यात आणलं होतं. लिहिता येत नाही त्याची तक्रार मी स्वतः लिहून देते. असली जागरूक गल्ली दाखवा मला शहरात!"

साहेब म्हणाले, "तेच तर. तुमच्या इथे फार गुन्हे आहेत."

याला काय म्हणावं? चोर सोडून संन्याशाला फाशी.

९ तारीख, शनिवार

ठाण्यात जाऊन आले. टेबलावरच्या हवालदाराला म्हटलं, मला तो नकाशा कोण काढतं त्याच्याशी बोलायचंय. तो हसला. "काकू, नकाशा कॉम्प्युटर काढतो." म्हटलं, "मग कॉम्प्युटरच्या आईला बोलाव."

आतल्या खोलीत एक पोरगी बसते. वर्दी नाही, केस वर बांधलेले, समोर दोन पडदे. तिचं कामच हे. आलेली प्रत्येक तक्रार वाचायची, कुठे झालं, कधी झालं, कसं झालं ते भरायचं, की नकाशावर एक ठिपका पडतो. ठिपके दाटले की तिथे लाल रंग चढतो. लाल रंग दिसला की साहेब तिकडे गस्त पाठवतात. मी तिला नकाशेवाली म्हणते, ती हसते.

मी माझं नाव सांगितलं तशी ती खुर्चीतून उठलीच. "म्हणजे त्या आजी तुम्ही? तुमचं अक्षर मी लांबून ओळखते."

मी मनात म्हटलं, घ्या, आपली कीर्ती आतल्या खोलीपर्यंत गेली आहे! तुला ठाऊक आहे, मी शाळेची पायरी चढले नाही. कपड्यांचे कागदी नमुने वर्तमानपत्रावर कापायची, तेव्हा बाह्या आणि कॉलरांवरून अक्षरं लावायला शिकले. अर्धी बातमी कात्रीत जायची, उरलेली मनानं पुरी करायची. आणि आता माझं अक्षर सरकारी खोलीत ओळखतात. घरी येऊन सूनबाईला सांगितलं. ती नुसतीच बरं म्हणाली. हल्ली मोजकंच बोलते. ओव्हरलॉकच्या मशीनवर सारखे डोळे लावून दुखत असतील.

१५ तारीख, शुक्रवार

नकाशेवाली आज आपणहून गल्लीत आली. पॅन्टची उंची कमी करायची होती म्हणे. चहा घेतला. किल्लीवाला तिला म्हणाला, "मॅडम, आम्हाला लाल केलंत, आता थोडी पावडर तरी लावा." किल्लीवाल्याच्या जिभेला कुलूप नाही.

मग मला म्हणाली, "आजी, शेजारच्या गल्ल्यांतून जरा फिरून येऊ या का?" गेलो. मागच्या गोदाम गल्लीत तिनं विचारलं, इथे चोऱ्या होतात का? हमाल पोटभर हसले. "होतात की! परवाच ताडपत्री गेली. सांगायचं कुणाला?" भंगारवाल्यांकडे तेच. इस्त्रीवाली म्हणाली, "ठाण्यात गेलं तर अर्धा दिवस जातो, आणि वर मलाच विचारतात, दार नीट लावलं होतं का."

मी सगळ्यांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, लाजा वाटत नाहीत? आमच्या गल्लीकडून शिका! मी बोलत होते आणि नकाशेवाली माझ्याकडे बघत गप्पगप्प होत चालली होती. बहुतेक चहा फार गोड झाला असावा.

१९ तारीख, मंगळवार

ती पॅन्ट न्यायला आली आणि दुकानाच्या पायरीवरच बसली. म्हणाली, "आजी, कसं सांगू कळत नाही. नकाशावरचा लाल रंग चोरांचा नाहीये. तुमचा आहे."

मला वाटलं थट्टा करतेय.

"चोऱ्या सगळीकडे सारख्याच आहेत. आजूबाजूच्या चार गल्ल्या कधी कळवत नाहीत, म्हणून त्या कोऱ्या. तुमची गल्ली सगळं कळवते, म्हणून लाल. मला पडद्यावर घडलेलं दिसत नाही, सांगितलेलं तेवढंच दिसतं. आणि सांगणाऱ्या एकट्या तुम्ही. मी साहेबांना समजावलं, नकाशा चुकतोय. ते म्हणाले, बरं झालं, मग त्या बाईंना सांगा थोडे दिवस थांबायला. आजी, मला असं म्हणायचं नव्हतं हो."

मी आधी हसले. मग हातातली सुई कापडात खोचून ठेवली. मी ज्याला गल्लीची राखण समजत होते, तो मी स्वतःच्या हातानं गल्लीच्या पायावर पाडलेला धोंडा होता?

सूनबाई आत मशीनवर होती. मशीन थांबलं होतं. म्हणजे तिनं सगळं ऐकलं.

जेवण गेलं नाही. राग कुणाचा आला म्हणशील तर साहेबाचा. खरं सांगणाऱ्याला गप्प करून नकाशा गोरा करणार! कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?

२० तारीख, बुधवार

घड्याळजीच्या दुकानात बैठक. बातमी पसरली होतीच.

चांभार म्हणाला, "काकू, तुम्ही आमच्यासाठीच केलंत. पण आता नवा नकाशा निघेपर्यंत पेन खाली ठेवा."

"आणि चोरी झाली तर?"

"झाली तर झाली. झाकली मूठ."

मी म्हटलं, "मूठ झाकलीत तर बोटं कोण कापतंय ते कळणार कसं?"

किल्लीवाला म्हणाला, "काकू, आम्हाला लुटलं तरी चालेल, पण तुम्ही वाचवू नका!" सगळे हसले. मलाही हसू आलं, मेल्याचं तोंडच तसं आहे. पण हसण्यावारी जाण्यासारखं नव्हतं. घड्याळजी म्हणाले, लिहिणं थांबावं असं ज्याला वाटतं त्यानं हात वर करा. आणि धाकटे, सगळ्यांत आधी कुणाचा हात वर गेला असेल? माझ्या सूनबाईचा.

घरी आल्यावर मी म्हटलं, "तू सुद्धा?"

"आई, तुमची तत्त्वं सकाळची असतात. माझं गिऱ्हाईक संध्याकाळचं असतं." एवढंच बोलून ती इस्त्री तापवायला गेली.

आता उमगलं, तिचे डोळे दुखत नव्हते.

मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. पण गल्लीचं ठरलं आहे. चार जणांच्या पोटाचा प्रश्न असताना मी एकटीनं हट्ट धरू कसा? पटलेलं मात्र तिळमात्र नाही.

२७ तारीख, बुधवार

चांभाराचा दुकानावरचा पत्रा गेला. मला बघून त्यानं ओठांवर बोट ठेवलं. छत्रीवाल्याच्या तारांचा गठ्ठा गेला. त्यानं तर माझ्याकडे पाहिलंच नाही.

म्हणे नकाशावर आमची गल्ली उजळते आहे. चोरांनाही उजेड पडला असणार. ज्या घरात कुणी ओरडत नाही तिथे मांजर दुधाला दुसऱ्यांदा येतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की दाबणारा हातही आमचाच.

५ तारीख, गुरुवार

सूनबाईचं ओव्हरलॉकचं मशीन गेलं.

सकाळी शटर वर केलं तर मागच्या खिडकीचे गज वाकवलेले आणि टेबलावर मशीनच्या आकाराची धुळीची चौकट. ते मशीन म्हणजे तिचा उजवा हात. कापडाच्या कडा त्याच्यावरच पक्क्या व्हायच्या, त्याच्याशिवाय अल्टरचं काम म्हणजे मिठाशिवाय जेवण. नवं घेण्याची ऐपत आज आमची नाही.

ती स्टुलावर बसून राहिली. रडली नाही. मी चष्मा शोधायला लागले तशी म्हणाली, "आई, लिहायचं नाही."

"अगं, मशीन गेलंय!"

"मला दिसतंय. नकाशाला थोडे दिवस राहिलेत. आता ठिपका पडला तर मशीनही गेलं आणि संध्याकाळही गेली."

"आणि तो चोर? तो उद्या घड्याळजीकडे जाईल."

"जाऊ दे."

"असं कसं जाऊ दे? मी असं ऐकून घेणार नाही!"

मग तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "आई, दरवेळी तुम्हीच ऐकून घेत नाही! चोरी दुसऱ्याची, तक्रार तुमची. हे मशीन माझं आहे. माझी चोरी आहे. माझी चोरी तरी माझ्याजवळ राहू द्या."

सापडलेला चष्मा मी परत डबीत ठेवला.

६ तारीख, शुक्रवार

ती हातानं कडांना टाके घालत बसली आहे. मी समोर बसून दुसरी बाजू घालते. एका दोऱ्याच्या दोन टोकांना आम्ही दोघी, आणि बोलणं नाही.

ती म्हणते ते खरंच आहे. चोरी तिची. पण मग गप्प बसणंही तिचंच का, साहेबाचं का? तिच्या तोंडून हे गप्प बसणं आलं, पण शिकवलं कुणी? हा हिशेब मला लागत नाही. रागानं टाके बारीक येतात एवढं मात्र आज कळलं.

७ तारीख, शनिवार

दुपारी गोदाम गल्लीतली इस्त्रीवाली आली. दारातच घुटमळली. म्हणाली, "ते... तुमच्याकडे लिहून देतात ना? त्या दिवशी आजी रागावून गेल्या, तेव्हापासून मनात होतं. काल माझी इस्त्री गेली. मागच्या खिडकीचे गज वाकवून."

मी तोंड उघडणार होते. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, गल्ल्यावर बसलेल्या सूनबाईकडे बघत होती. म्हटलं, दुकान तिचं, उत्तर तिचं. जीभ दाताखाली धरली. धाकटे, तू असतीस तर माझं कौतुक केलं असतंस.

सूनबाई म्हणाली, "आम्ही हल्ली..." आणि थांबली. 'लिहीत नाही' हे दोन शब्द तिच्या ओठांवर आले आणि बाहेर पडेनात. इस्त्रीवालीचे भाजलेले हात बघत राहिली. मग स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. गज कुठल्या बाजूला वाकवले होते?"

आणि पेन तिनं घेतलं. मी नाही. तिनं विचारलं तसं मलाही विचारायला जमलं नसतं. मी लिहायची म्हणजे अर्ध्यात माझा राग असायचा. ही खिडकी किती उंच, मागे बोळ आहे का, दिवे होते का, सगळं शांतपणे विचारत गेली. इस्त्रीवालीचं झालं तेव्हा दुसरा कागद घेतला आणि वर स्वतःचं नाव घातलं.

मी म्हटलं, "आणि ठिपका?"

"पडू दे. आपली गल्ली एकटी बोलते म्हणून लाल दिसते ना? मग बाकीच्यांचा आवाज का बंद ठेवायचा? आपण गप्प बसण्यापेक्षा सगळ्यांना बोलतं करू." मग इस्त्रीवालीला म्हणाली, "तुमच्या गल्लीत अजून कुणाचं काय गेलंय? उद्या मी टेबल घेऊन येते."

मी उठून चहा ठेवला. दुसरं काय करणार? पण त्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं असतं तरी मला गोडच लागला असता.

९ तारीख, सोमवार

काल आम्ही दोघी गोदाम गल्लीत आणि भंगारवाल्यांकडे टेबल टाकून बसलो. आधी कुणी येईना. मग किल्लीवाला आला आणि तिथेच ओरडला, "या हो या, चोरी दाखवा, चहा मिळवा!" हाच तो हात वर करणारा. मी म्हटलं, "तुझा हात खाली कधी आला रे?" तर म्हणतो, "काकू, तुमच्या सूनबाईंनी आधी वर केला म्हणून मी वर केला, त्यांनी खाली घेतला म्हणून मी खाली. मी आपला फॅशनप्रमाणे."

आज सगळे मिळून ठाण्यावर. हमाल, भंगारवाले, इस्त्रीवाली, आमचा चांभार पत्र्याची तक्रार घेऊन. टेबलावरचा हवालदार म्हणाला, "काकू, हे काय? वरात?" म्हटलं, "नवरी तिकडे आहे," आणि सूनबाईला पुढे केलं.

साहेब बाहेर आले. एकेक कागद बघून म्हणाले, "अहो बाई, हे सगळं एका महिन्यात नोंदवलं तर माझा आकडा कुठे जाईल? वरून मला विचारणार, तुमच्या हद्दीत एकदम गुन्हे वाढले कसे?"

सूनबाई म्हणाली, "वाढले नाहीत साहेब. आधीपासूनच होते, फक्त आज तुमच्यापर्यंत पोचले."

"मी तुम्हाला थांबायला सांगितलं होतं. आता बॅरिकेड लावावंच लागेल."

"लावा," ती म्हणाली. "पण कुठे? या पाचही गल्ल्यांच्या तोंडाला लावा. मग भाजीबाजाराला. मग तुमच्या ठाण्याच्या रस्त्याला, कारण परवा समोरच्या पानपट्टीवरून सायकल गेली, तीही यात आहे. नाही लावायचं तर आमच्या एकट्या गल्लीलाही नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका. मी आता फक्त काज-बटणं करते."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण कागद घेतले. पाठीमागे दारात नकाशेवाली उभी होती. हसली नाही. पण एकेक कागद तिनं असा उचलून नेला, जसं कुणी तान्हं पोर उचलावं.

१४ तारीख, शनिवार

आज नवा नकाशा. पुन्हा तीच चादर, पुन्हा साहेब. पण बोलायला नकाशेवालीला पुढे केलं.

फोड गेला होता, धाकटे. सगळ्या भागावर सारखी लाली पसरली होती, कुठे थोडी गडद, कुठे फिकी. आमची गल्ली त्यांतली एक. शोधून काढावी लागली.

ती म्हणाली, "एका ठिपक्यावरून मला काही कळत नाही. ठिपके शेजारी शेजारी आले, की त्यांच्यामधून चालत गेलेला माणूस दिसायला लागतो." मग तिनं दाखवलं. इस्त्री, ओव्हरलॉक, छत्रीच्या तारा, ताडपत्री, सगळीकडे चोर मागच्या बाजूनं आला आहे. सगळी मागची दारं आणि खिडक्या एकाच बोळात उघडतात, गोदामांमागच्या. तिथले दिवे बंद असतात. "गल्लीच्या तोंडाला बॅरिकेड लावून उपयोग नाही साहेब, चोर तोंडानं येतच नाही. बोळात दिवे लावा, गस्त तिथे फिरवा."

साहेब घसा खाकरून म्हणाले, "बॅरिकेडचा निर्णय तूर्त पुढे ढकलतो."

सूनबाई उभी राहिली. "ढकलू नका साहेब. पुढे ढकललेलं परत येतं. रद्द करा."

मग घड्याळजी उभे राहिले. मग चांभार, मग मागून आलेले हमाल, इस्त्रीवाली. कुणी घोषणा दिली नाही. नुसते उभे. साहेबांनी चादरीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बरं. रद्द."

आणि मी? मी बसून होते. पहिल्यांदाच. उभी राहिले असते तर सूनबाई दिसली नसती.

२२ तारीख, रविवार

धाकटे, मशीन काही मिळालं नाही. मिळेल असं वाटतही नाही. बोळात दिवे आले, गस्तीचा शिपाई आता आमच्या खिडकीतून पाणी मागून पितो. दुकान संध्याकाळी उघडं असतं. काम हळू होतं, कडा हातानं शिवतो, गिऱ्हाईक थांबून राहतं आणि थांबता थांबता आपल्या घरी काय चोरीला गेलं ते सांगतं. सूनबाई सुई खाली ठेवते आणि पेन उचलते. साहेबांचा आकडा वाढत चालला आहे. तोंडावर हात ठेवायला कुणी आलं, तर आता तोंडं बरीच आहेत. हात कमी पडतील.

तिनं मला काल विचारलं, "आई, त्या दिवशी मी ओरडले, राग आला होता का?" म्हटलं, "आला होता. म्हणून तर टाके इतके बारीक आलेत, बघ."

हे सगळे कागद आज तुला पाठवून देते आहे. वाचून झाले की मेहुण्यांनाही दे. आणि धाकटे, उत्तर लवकर लिही. फोनवर नको, लिहूनच. पण 'आम्ही सगळे मजेत' असं लिहून पाठवलंस तर मी ते परत पाठवीन. जे गेलं असेल ते लिही, जे दुखत असेल ते लिही. मी वाट बघते.